ज्यांना लांब जायला वेळ नाही, त्यांच्यासाठी गाव

क्लास यान्स व्हिसर हा सतराव्या शतकातला ॲमस्टरडॅमचा छापचित्रकार आणि प्रकाशक. १६१२च्या आसपास त्याने हार्लेम शहराबाहेरच्या जागांची एक छोटी मालिका काढली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘रम्य स्थळं’. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका धरून बारा पानं, आणि एकेक पान आपल्या फोनपेक्षा थोडंसंच मोठं. सुरुवातीला ग्राहकाला उद्देशून चार ओळी छापल्या आहेत. त्यांचा मतलब असा, की रसिकहो, लांबच्या प्रवासाला वेळ नसेल तर हार्लेमबाहेरच्या या छान जागा इथेच झटकन पाहून घ्या, आणि फार विचार करत न बसता विकत घ्या.

मला ही जाहिरात आवडते, कारण ती काही लपवत नाही. डच निसर्गचित्रांबद्दल आपण वाचतो तेव्हा ठरावीक शब्द येतात. शांतता, मोठं आभाळ, साधं गाव, साधी माणसं. हे सगळं त्या चित्रांत आहेच. पण ते साधं गाव कोणासाठी काढलं, हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. व्हिसर ते पहिल्याच पानावर सांगतो. गिऱ्हाईक शहरात राहतं, कामात असतं, त्याला चित्रांची आवड आहे आणि खिशात चार पैसे आहेत. गावात त्याला जायचंय, पण राहायचं नाही. म्हणून या चित्रांकडे पाहताना मी एकच प्रश्न धरून बसलो आहे: इथे वेळ कोणाकडे आहे?

व्हिसरच्या मालिकेतच एक चित्र हार्लेमच्या वाळूच्या टेकड्यांपाशी असलेल्या मैदानांचं आहे. तिथे लिननचं कापड पांढरंशुभ्र केलं जायचं. हा हार्लेमचा नामांकित धंदा होता आणि परमुलखातलं कापडही तिथे यायचं. कापड क्षाराच्या पाण्यात उकळायचं, ताकात भिजवायचं, धुवायचं, मग गवतावर पसरून उन्हात ठेवायचं आणि सुकू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा पाणी मारायचं. एका तागाला कित्येक महिने लागत. राबणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असत. व्हिसरने ही जागा ‘रम्य स्थळं’ म्हणून यादीत घातली. फिरायला आलेल्या माणसाला ती रम्य वाटलीच असणार. हिरव्या गवतावर पांढऱ्या पट्ट्या, मागे टेकड्या. तो पाच मिनिटं पाहतो तेव्हा तिथल्या बाईचा सहावा तास चालू असतो. दोघांचीही वेळ खरीच आहे, पण चित्र पहिल्याच्या घड्याळावर चालतं.

याच मालिकेत हाउस ते क्लीफ या गढीचे पडके अवशेष आहेत. १५७२-७३च्या वेढ्यात स्पॅनिश सेनापतीने तिथे तळ ठोकला होता, आणि जाताना ती सुरुंगाने उडवली गेली. म्हणजे शहरी गिऱ्हाइकाला एकाच संग्रहात जुन्या सरदारांची मोडकी गढी मिळते, आणि गावकऱ्यांची घरं व राबण्याच्या जागाही. वरचा वर्ग आणि खालचा वर्ग दोन्ही बघण्याजोगे. बघणारा मधला.

ही नजर व्हिसरने शोधलेली नाही. त्याच्या पन्नास वर्षं आधी ती अँटवर्पमध्ये तयार झाली. तिथल्या हिएरोनिमस कॉक या प्रकाशकाने १५५५च्या सुमारास पीटर ब्रुगेलची मोठी निसर्गदृश्यं छापली होती. त्यांत आपण उंच कड्यावर उभे असतो, खाली नद्या, दऱ्या, अर्धं जग पसरलेलं. मग १५५९ आणि १५६१ साली त्याच कॉकने दोन मालिका काढल्या, ज्यांना आज ‘लहान निसर्गदृश्यं’ म्हणतात. एकूण चव्वेचाळीस चित्रं, अँटवर्पच्या आसपासच्या खेड्यांची. इथे डोंगर नाही, संत नाही, बायबलमधली गोष्ट नाही. कच्चा रस्ता, कुंपण, गवताने शाकारलेली छपरं, एखादं तळं, दोनचार माणसं. मुख्य बदल नजरेच्या उंचीत आहे. क्षितिज खाली आलं आणि पाहणारा कड्यावरून रस्त्यावर उतरला. चालणाऱ्या माणसाला जे दिसतं तेवढंच आता चित्रात आहे. ही दृश्यं प्रत्यक्ष पाहून काढली आहेत, असं मुखपृष्ठावर मुद्दाम लिहिलं होतं.

युरोपच्या चित्रकलेत हे मोठं पाऊल होतं, आणि मी ते कमी लेखणार नाही. कोणा शेतकऱ्याचं कुंपण हाच चित्राचा विषय होऊ शकतो, त्याला कुठल्याही पुराणकथेचा टेकू लागत नाही, हे आधी इतकं ठामपणे कोणी म्हटलं नव्हतं. पण जरा पुढे पाहा. त्या काळात अँटवर्पचे व्यापारी शहराभोवती जमिनी आणि वाड्या विकत घेत होते. शहराबाहेर आपलं एक घर असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होत होती. ज्याला वाडी परवडली नाही त्याला चित्र परवडलं. गाव पाहण्याजोगं ठरणं आणि गाव विकत घेण्याजोगं ठरणं, या दोन गोष्टी एकाच काळात, एकाच शहरात झाल्या.

या चव्वेचाळीस चित्रांचं पुढे काय झालं ते तर एखाद्या कथेसारखं आहे. कॉकने चित्रकाराचं नावच छापलं नाही. मग युद्ध आलं. १५८४-८५ साली स्पॅनिश फौजांनी अँटवर्पला वेढा घातला, बांध फोडले गेले, आसपासचा मुलूख पाण्याखाली गेला, गावं ओस पडली. शहर पडल्यावर लोक हजारोंनी उत्तरेकडे गेले. १६०१मध्ये अँटवर्पच्या गाले या प्रकाशक घराण्याने तेच तांब्याचे पत्रे पुन्हा छापायला काढले आणि चित्रकार म्हणून कॉर्नेलिस कॉर्टचं नाव घातलं. १६१२ साली ॲमस्टरडॅममध्ये आपल्या व्हिसरने त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या नकला काढल्या आणि त्यावर ब्रुगेलचं नाव लावलं. खरा चित्रकार कोण, हे आजही ठरलेलं नाही.

म्हणजे घर तेच, रस्ता तोच, रेघ तीच. १५५९च्या गिऱ्हाइकासाठी ते शहराबाहेरचं गाव होतं, रविवारी पायी जाऊन पाहता येईल असं. १६१२च्या ॲमस्टरडॅममध्ये, दक्षिणेतून पळून आलेल्या एखाद्याच्या हातात ते आलं असेल तेव्हा ते परत न मिळणारं गाव होतं. चित्रातल्या शेतकऱ्याला मात्र दोन्ही वेळा नाव नाही. जे घर मुळात काढलं त्याच्या मालकाचं काय झालं, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही, कारण चित्र त्याच्याशिवायही पुरेसं गोड होतं.

इथे माध्यमाचाही हात आहे. ही बहुतेक चित्रं एचिंग पद्धतीची. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे तांबं उघडं पडलं तिथे आम्ल खातं आणि त्या खाचेत शाई बसते. हातात कलम धरावं तशी सुई सहज फिरते. आता विचार करा, या सुईला काय काढायला आवडेल? नवी, सरळ, चुन्याने रंगवलेली भिंत काढायची तर कागद कोराच ठेवावा लागतो. कुजकं गवत, वाकलेली वळचण, फुटलेली फळी, विस्कटलेलं कुंपण यांत मात्र रेघेला हवं तितकं खेळता येतं. अब्राहम ब्लूमार्टच्या रेखाटनांवरून बोएटियुस बोल्सवर्टने १६१३-१४मध्ये शेतघरांची मालिका छापली. ती पाहताना हे लगेच कळतं. छपरं इतकी सुंदर झुकली आहेत की त्याखाली कोणी गळणाऱ्या पाण्याखाली भांडं ठेवलं असेल हे डोक्यातच येत नाही. डच भाषेत तेव्हा ‘चित्राला शोभेल असं’ या अर्थाचा एक शब्द रूढ होत होता. त्यात पडकेपणाला चांगले गुण मिळायचे. दुसऱ्याच्या घराची पडझड रेघेला मानवते, ही गोष्ट जरा अवघड आहे, पण खरी आहे.

शेतकऱ्याला चेहरा मिळतो तो वेगळ्या जातीच्या चित्रांत. डेव्हिड व्हिंकबोन्सच्या रेखाटनांवरून याच बोल्सवर्टने १६१०च्या सुमारास चार चित्रं कोरली. त्यांना ‘शेतकऱ्याचं दुःख’ म्हणतात. सैनिक शेतकऱ्याच्या घरात घुसतात, खातात, पितात, लुटतात. मग शेतकरी हत्यारं घेऊन त्यांच्यावर उलटतात. शेवटी दोघं एकत्र बसून पितात, कारण १६०९ साली स्पेनशी बारा वर्षांचा तह झाला होता. इथे माणसं ओरडतात, मारतात, रडतात. याच तहाच्या वर्षांत हार्लेमची ती शांत, निवांत निसर्गदृश्यं भराभर निघू लागली. दोन्ही चित्रं एकाच बाजारात विकली जात होती. रस्ते सुरक्षित झाले म्हणून शहरातला माणूस पुन्हा फिरायला बाहेर पडला, आणि त्याला जो रस्ता दिसला तो रिकामा, स्वच्छ, कोणीही न ओरडणारा होता. निसर्गदृश्यातली शांतता मला म्हणूनच निसर्गाची वाटत नाही. ती तहाची शांतता आहे.

आता चित्रात जे नाही ते. याच काळात हॉलंडच्या ग्रामीण भागातली सर्वांत मोठी घटना म्हणजे सरोवरं उपसून जमीन काढणं. बेम्स्टर हे प्रचंड तळं पवनचक्क्या लावून १६१२मध्ये कोरडं केलं गेलं. पैसा ॲमस्टरडॅमच्या श्रीमंत व्यापाऱ्यांचा होता. त्यांत पुढे होता दिर्क व्हॅन ओस, १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या संचालकांपैकी एक. ही तीच कंपनी, जिची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यात होती. तिच्या भिंती आजही तिथे उभ्या आहेत. मसाल्याच्या व्यापारातल्या माणसाचा पैसा मातीत उतरला, पट्टीने आखल्यासारखे चौकोन पडले, आणि ते भागीदारांत वाटले गेले. शेती हा गुंतवणुकीचा धंदा झाला.

पण गाव दाखवणाऱ्या छापचित्रांत हे सरळ चौकोन क्वचितच दिसतात. तिथे वाकडा रस्ता, जुनी विहीर, वाळूची टेकडी, कललेलं झोपडं. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हॉलंड प्रांतातली निम्म्याहून अधिक माणसं शहरांत राहत होती, आणि शहरांनी गावाला वेगाने बदललं होतं. चित्रांत मात्र ज्या गावाला अजून शहराचा हात लागलेला नाही तेच निवडलं जातं. ज्याने बदललं त्यालाच न बदललेलं पाहायचं असतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की ही चित्रं म्हणजे निव्वळ फसवणूक. तसं असतं तर मी त्यांवर इतका वेळ घालवला नसता. रेम्ब्रांटकडे या.

रेम्ब्रांट लायडनच्या एका पवनचक्कीवाल्याचा मुलगा. १६४१मध्ये त्याने ‘पवनचक्की’ हे छापचित्र काढलं. लोकांनी प्रेमाने ती त्याच्या बापाची चक्की ठरवली. प्रत्यक्षात ती ॲमस्टरडॅमच्या तटाजवळची, चामडं कमावणाऱ्यांच्या संघाची चक्की होती. कातडं मऊ करायला तिथे कॉड माशाच्या यकृताचं तेल वापरत, आणि लोक तिला सरळ ‘छोटी घाण चक्की’ म्हणत. घाण म्हणजे वास. रेम्ब्रांटने तिची प्रत्येक फळी, प्रत्येक दोर काळजीने काढला आहे. हे रम्य स्थळ नाही, कामाची जागा आहे, आणि त्याला ती तशीच काढावीशी वाटली.

त्याच वर्षीचं झोपडी आणि गवताच्या गंजीचं आडवं चित्र पाहा. मध्ये जमिनीला चिकटलेलं शेतघर. एका बाजूला दूरवर ॲमस्टरडॅम शहर. दुसऱ्या बाजूला झाडीत कोस्टफरलोरेन नावाची श्रीमंती हवेली. नावाचा अर्थच ‘पैसा वाया’ असा आहे. ही तिन्ही एका जागेवरून एकदम दिसत नव्हती, रेम्ब्रांटने ती एकत्र आणली असं अभ्यासक सांगतात. मला यात त्याचा निवाडा दिसतो. झोपडी एकटी दाखवली तर ती गोड होते. शहर आणि हवेली यांच्या मध्ये ठेवली की तिचा पत्ता कळतो.

१६४३चं ‘तीन झाडं’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं निसर्गदृश्य. फोनवर पाहात असाल तर दोन बोटांनी मोठं करत जा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने अशी चित्रं मोठ्या आकारात मोफत खुली केली आहेत. वादळी आभाळ आणि ती तीन झाडं तर लांबूनच दिसतात. मग हळूहळू माणसं सापडायला लागतात. डावीकडे पाण्याकाठी गळ टाकून बसलेला एक जण. सपाट शेतांत ठिपक्यांएवढे राबणारे. टेकडीच्या कडेवर माणसांनी भरलेली गाडी. तिथेच वर बसून चित्र काढणारा एक जण, आणि तो या सगळ्या देखाव्याकडे न बघता भलतीकडेच बघतोय. खाली गर्द झुडपात, जवळजवळ काळ्या शाईत लपलेलं प्रेमी जोडपं.

या एका पानावर वेळेची सगळी वाटणी आहे. कोणाला दुपार मोकळी आहे, कोणाला नाही. कोणी गावातून जातंय, कोणी गावात आहे. आणि ज्याने चित्र काढायचं त्यालाही कोपऱ्यात बसवून दाखवलं आहे. पाहणाऱ्यालाच चित्रात घेणं ही साधी गोष्ट नाही. व्हिसरच्या जाहिरातीत रसिक चित्राबाहेर पैसे मोजत उभा होता. इथे तो टेकडीवर इतरांसारखाच मुंगीएवढा आहे, आणि त्याचं लक्षही नाही.

आणि एक चित्र, १६५१चं. त्याला ‘सोनं तोलणाऱ्याचं शेत’ म्हणतात, पण हे नाव चुकीच्या ओळखीतून पडलं. तिथे दिसते ती हार्लेमजवळची साक्सेनबुर्ख ही वाडी. तिचा मालक क्रिस्टोफेल थाइस. १६३९ साली रेम्ब्रांटने ॲमस्टरडॅममधलं आपलं मोठं घर १३,००० गिल्डरला घेतलं, ते विकणाऱ्यांपैकी हा एक. ते पैसे रेम्ब्रांटने बारा वर्षांनंतरही फेडलेले नव्हते. म्हणजे एक कर्जदार आपल्या सावकाराची जमीन टेकडीवरून पाहतोय आणि तांब्यावर कोरतोय. पाच वर्षांनी, १६५६मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. चित्रात यातलं काही नाही. लांबच लांब मैदान, झाडीत वाडी, क्षितिजावर हार्लेमचं मोठं चर्च. आणि मध्ये जमिनीवर पसरलेल्या कापडाच्या पट्ट्या. तीच मैदानं, जी व्हिसरने चाळीस वर्षं आधी रम्य म्हणून विकली होती. इथे त्या सुईच्या पाचसहा हलक्या रेघा आहेत. माणसं इतकी लहान की शोधावी लागतात.

आद्रियान व्हॅन ओस्टाडेने याच्या उलट केलं. तो दाराच्या आत गेला. हार्लेममधल्या एका विणकराचा हा मुलगा. त्याने पन्नासेक छापचित्रं काढली, बहुतेक गावातल्या माणसांची. सुरुवातीचे त्याचे शेतकरी भांडतात, पितात, शहरी माणसाला हसायला येईल असे आहेत. पुढे ते निवांत होत जातात. १६५३च्या एका लहानशा चित्रात एक कुटुंब टेबलाभोवती जेवणाआधी प्रार्थना करतंय. घर गरिबाचं आहे, पण तो क्षण त्यांचा आहे. बाहेरून कोणी पाहतंय म्हणून ते तसे बसलेले नाहीत. मला वाटतं, या सगळ्या चित्रांत गावातल्या माणसाला पहिल्यांदा इथे स्वतःचा वेळ मिळतो.

मात्र हीही शहरातच विकली गेली. १७०७मध्ये खेरार्ड दे लेरेस या चित्रकाराने चित्रकलेवर मोठा ग्रंथ छापला, त्यात त्याने तक्रार केली की चांगल्या घरांच्या भिंतींवर भिकारी, गुत्ते, तंबाखू ओढणारे आणि मळकी पोरं टांगलेली दिसतात. दे लेरेसची नजर मला पटत नाही. पण त्याने एक गोष्ट बिनचूक टिपली होती: जी माणसं दारात उभी केली नसती ती भिंतीवर चालत होती.

मग ही चित्रं आवडून घ्यायची की नाही? माझं उत्तर असं, की आवडून घ्यायची, पण व्हिसरचा सल्ला न ऐकता. तो म्हणतो झटकन पाहा आणि विचार न करता घ्या. आपण उलट करू शकतो. चित्र मोठं करा, झाडं आणि आभाळ बाजूला ठेवा, आणि माणसं मोजा. कोण उभं आहे, कोण वाकलेलं आहे, कोणाची पाठ आपल्याकडे आहे, कोण गाडीत बसून पुढे जाणार आहे. मग शोधा, जमीन कोणाची. चांगलं चित्र या प्रश्नांनी मोडत नाही. ‘तीन झाडं’ तर त्यांनी आणखी मोठं होतं. आणि हार्लेमच्या त्या मैदानावरच्या पाचसहा रेघांवर एकदा बोट ठेवलं, की त्या पट्ट्या पाण्याने भिजवत उभ्या असलेल्या बाईला डोळ्यांआड करणं आपल्याला पुन्हा जमत नाही.